नाकेदाराच्या फायर लाइनी : खाप्यापलीकडच्या जंगलात सायकलवर तीन दिवस

ऑफिसात रजेचा अर्ज दिला तेव्हा मोठ्या बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काहून बे, घरी लग्न-बिग्न आहे का?" मी खरं ते सांगितलं, "जंगलात सायकल चालवायला जातो." त्यांनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला. "कारण नीट लिही. साहेबाले काय सांगू मी, बाबू पागल झाला म्हणून?" शेवटी "घरगुती काम" असं लिहिलं आणि रजा मिळाली. एका अर्थानं ते खरंही होतं, कारण जाणार होतो ताईकडेच.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आता नागपुरात रविवारी पहाटे गोरेवाड्याकडे पोरं गिअरच्या, जाड टायरच्या सायकली घेऊन निघतात, डोक्यावर टोप, पाठीवर पाण्याची नळी. जंगलातली सायकल हा आपलाच शोध आहे असं त्यांना वाटतं. वाटू द्यावं, बिघडत काही नाही. पण आमच्या वेळी काळी बावीस इंची सायकल, सळईचे ब्रेक आणि लोखंडी कॅरिअर घेऊन नाकेदार रोज दहा-बारा मैल डोंगर चढत-उतरत होते, आणि त्याला कोणी छंद म्हणत नव्हतं.

नाकेदार म्हणजे जंगल खात्याचा बीटवरचा, नेमून दिलेल्या हद्दीतला, गार्ड. माझे भाऊजी, श्रावण भाऊजी, तेच होते. माझी मोठी बहीण सुमनताई त्यांना दिलेली. नागपूरच्या इंदोऱ्यात बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ताई मॅट्रिक झाली तेव्हा बाबांनी तिला लेडीज सायकल बांधून दिली होती आणि लग्नानंतर ती सायकल थेट जंगलात गेली. होळीनंतर ताईचं पत्र आलं. "लाइनी जाळून झाल्या. रस्ते मोकळे आहेत. मोह पडायला लागला. सायकल घेऊन ये, तुले मजा येईल."

पहिला दिवस. पहाटे निघालो. सामान थोडकंच: एक धोतर-पंचा, सोल्युशनची नळी, रबराचे तुकडे, पाने-पक्कड, पंप, हँडलला पाण्याची छागल आणि ताईसाठी संत्रा बर्फी. कोराडीपर्यंत रस्ता चांगला. पुढे सावनेरच्या अंगाला कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केलेली. एक ट्रक गेला की मागे पाच मिनिटं डोळे बारीक करून चालवायचं. सावनेरला पोचलो तेव्हा माझा पांढरा सदरा खाणीतून आल्यासारखा दिसत होता. तिथे बसस्टँडसमोर दोन आलुबोंडे आणि वर तर्री घेतली. तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं आणि कोळसा धुऊन निघाला. खाप्याला कन्हानच्या काठावर हातपाय धुतले, सायकलही पुसली. मळकी सायकल पुसल्याशिवाय मला जेवण जात नाही, ही बाबांची शिकवण.

खाप्याच्या पुढे डांबर संपतं आणि गाडरस्ता लागतो. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथे सराट्याचे काटे फार. दोन मैलांत दोन पंक्चर काढली. चौकीवर पोचेपर्यंत दुपार कलली. दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे मातीचा रांजण, मागे मोहाची झाडं. भाऊजी अंगणात खाटेवर बसले होते. मी फाटकातून आत शिरलो तरी ते गप्प. मी "जयभीम भाऊजी" म्हटलं तेव्हा एकदम उठले. "अरे जयभीम, साळेबुवा! या, या!" मला वाटलं, दुपारची डुलकी लागली असेल.

दुसरा दिवस. इथे जरा समजावून सांगतो, कारण या लाइनीच खरी मजा आहेत. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून खातं जंगलातून रुंद पट्टे तोडून ठेवतं आणि हिवाळा संपता संपता त्यावरचं गवत जाळून टाकतं. या फायर लाइनी. आगीला पुढे जायला काही खायलाच मिळू नये, असा हिशेब. लाइन सरळ जाते, मधे डोंगर आला तर डोंगरावरून. गाडरस्ता मात्र बैलाच्या मर्जीनं वळत जातो. एका लाइनीनं चढायचं, गाडरस्त्यानं उतरायचं, नाल्यातून निघून दुसरी लाइन धरायची, असं ते जाळं आठ-दहा मैल पसरलेलं. जमीन काळी, मऊ. टायर राखेवरून जातो तेव्हा आवाजच येत नाही. दोन्ही अंगाला पळस पेटलेला आणि हवेत मोहाचा तो गोड, किंचित आंबूस वास. उतारावर सीट खाली करून, मागे सरकून बसायचं; पुढचा ब्रेक दाबलात तर जंगल डोक्याखाली येतं. मी तीनदा हे शिकलो.

पण या सगळ्या शांततेची वाट ताईच्या सायकलनं लावली होती. मागचं मडगार्ड ढिलं, चेनकव्हर फाटलेलं, आणि त्यात कुठलासा पत्रा लोंबत होता. खडखड, खडखड. इतकी की पाखरं आधीच उडून जायची. बाबांनी ती ऐकली असती तर जेवले नसते. आणि ताई स्वतःही गप्प नव्हती. पुढे ती, मागे दहा हातांवर भाऊजी, त्यांच्यामागे मी. तिची टकळी चालूच: "आता दगड आहे बरं... आता उतार... उजव्या बाजूनं घ्या, खड्डा आहे." मला वाटलं, शहरातल्या भावाची काळजी करते. मी ओरडलो, "ताई, मी काय लहान पोट्टा आहे का?" ती म्हणाली, "तू चूप राय न गा."

वाटेत मंगलू भेटला. तो खात्याचा आगवाला, उन्हाळाभर लाइनीवर पहारा देणारा गोंड माणूस. बिडी कानावर ठेवून हसला. "नाकेदारीण पुढं आन् नाकेदार मागं! आमच्या गावात असं चालत नाही."

"तुह्या गावात सायकल कुठं आहे?" ताईनं पलटवार केला, आणि तो पोट धरून हसला.

टेकडीमागच्या लाइनीवर एक वाळलेलं सालईचं झाड आडवं पडलं होतं. वाऱ्यानं त्याच्या अंगाला पाला येऊन साचला होता, गुडघाभर. ताई उतरली. "पाय खाली ठेवा. खोड आहे. सायकल उचला." आम्ही तिघांनी सायकली उचलून पलीकडे ठेवल्या. मला तर फार मजा वाटली. परतताना मी ते खोड दोनदा उगाचच सायकल उचलून ओलांडलं. नागपुरात सांगायला असे प्रसंग लागतात.

संध्याकाळी ताई ज्वारीच्या भाकरी थापत होती, भाऊजी मंगलूशी बोलत बसले होते. मी पाने-पक्कड घेऊन अंगणात बसलो. मडगार्ड कसलं, लोंबणारा पत्रा काढून फेकला, चेनकव्हरला तार बांधली, चेनला तेल दिलं, चाकाच्या तारा ओढल्या. तासाभरानं ती सायकल हवेसारखी फिरायला लागली. पाहुणचाराची फेड करावी ती अशी, असं मनाशी म्हणालो आणि चार भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तिसरा दिवस. सकाळी ताई सायकल घेऊन फाटकाबाहेर निघाली आणि पाच हातांवर थांबली. मागे वळून बघितलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं पंक्चर झालं.

"हिचा आवाज कुठं गेला?"

"मी दुरुस्त केली," मी छाती काढून म्हटलं.

"कोणं सांगतलं होतं तुले?" ती दबक्या आवाजात म्हणाली, पण भाऊजींनी ऐकलंच. "चला वं, चला," ते म्हणाले. "उद्या रेंजर साहेब लाइनी पाहाले येऊन राहिले. आज सगळी बीट फिरून होऊन जाऊ दे."

ती निघाली, पण सारखी बोलत होती, काल बोलली त्याच्या दुप्पट. तेच दगड, तेच खड्डे. मला आज पुढे जायची खुमखुमी. तिच्या बरोबरीनं चालवत, उतार लागला तसा मी "चल शर्यत!" म्हणून सुटलो. माझ्या नादात की उताराच्या ओढीनं, तिची सायकलही सुटली. वारा कानात शिरला. खाली लाइन संपून गाडरस्ता डावीकडे वळतो तिथे आम्ही दोघं वळलो. भाऊजी वळले नाहीत. ते सरळ गेले, तसेच पॅडल मारत, नाल्यात.

मी सायकल टाकून खाली उतरलो. ते वाळूत पडले होते. कपाळ फुटलेलं, गुडघा सोललेला. मी रुमाल पुढे केला. त्यांनी हात लांबवला तो रुमालाच्या वीतभर बाजूला. पुन्हा चाचपला. मग त्यांच्या लक्षात आलं की माझ्या लक्षात आलंय, आणि त्यांनी हात मागे घेतला.

ताई काठावर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. "किती दिवस झाले?"

"तीन वर्ष," ती म्हणाली. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. सावली दिसते, उजेड दिसते. झाड आणि माणूस वेगळं समजत नाही."

भाऊजी अजून कायम झाले नव्हते. बारा वर्षांची नोकरी, आणि कायम होताना डोळ्यांची तपासणी. फाइल वर गेलेली. आत्ता डोळ्यांचं नाव काढलं तर बीट दुसऱ्याला आणि भाऊजी घरी, अशी त्यांना धास्ती. फाइल उतरली की मग दवाखाना, असं दोघांनी ठरवलेलं. एक वर्षात उतरेल म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. तोवर ताई "डबा न्यायला" म्हणून रोज पुढे आणि ते तिच्या खडखडाटामागे. रजिस्टरही तीच लिहायची. आणि मी मूर्खानं एका तासात तेल घालून त्यांची वाट बुजवून टाकली होती. मला रडायला आलं, खोटं कशाला सांगू. भाऊजीच माझी समजूत घालायला लागले. "तुले काय मालूम, बापा. तू तर चांगलंच केलं."

बोलता बोलता ते थांबले. नाक वर केलं. "धूर येऊन राहिला." मला काहीच वास येत नव्हता. "पाला जळते. लाइनीच्या अलीकडचा," ते म्हणाले आणि लंगडत उठले.

त्यांचं नाक खरं होतं. मोह वेचायला सोपा जावा म्हणून बाया झाडाखालचा पाला झाडून जाळतात. जाळला की जमीन स्वच्छ होते, फुलं दिसतात. दरवर्षीची रीत. कोणी नीट विझवत नाही, कारण पुढे लाइन असते, आग तिथे जाऊन मरते. पण आज ती मेली नव्हती. टेकडीमागे पोचलो तर त्या आडव्या सालईवरून, तिला लागलेल्या पाल्यावरून, आग पुलावरून जावी तशी लाइन ओलांडून पलीकडे गेली होती. मंगलू आणि चार बाया हिरव्या फांद्यांनी झोडपत होत्या. आम्हीही फांद्या तोडल्या. ताईनं पदर खोचला. भाऊजींना काही दिसत नव्हतं, पण ते चटचट आवाजाच्या रोखानं फांदी मारत गेले, आणि मी त्यांच्या कमरेचा पट्टा धरून मागे. दुपार डोक्यावर आली तेव्हा आग विझली. फार काही गेलं नाही, असं खातं म्हणालं असतं. दीड-दोन एकर गवत, लहान साग, आणि सखूबाई नावाच्या म्हातारीचं मोह वाळत घातलेलं खळं. तिच्या चार दिवसांच्या वेचणीची राख झाली होती. तळहात भाजला होता, त्याला तिनं माती लावली होती.

ती रागावलेली नव्हती. नुसतं विचारलं, "नाकेदार, काल तुमी इथूनच तं गेले. खोड नाही दिसलं तुमाले?"

ते खोड मी दोनदा हौसेनं ओलांडलं होतं. ताईनं ते पाहून "पाय खाली ठेवा" म्हटलं होतं. नाकेदाराचे डोळे असते तर त्यांनी पहिल्यांदा पाला बघितला असता, मंगलूला हाक मारून खोड बाजूला करवलं असतं आणि मग सायकल पुढे घेतली असती. आम्हाला ते अडथळा वाटलं. आगीला ती वाट होती, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चौकीवर येऊन अंगणात बसल्यावर भाऊजी ताईला म्हणाले, "तू मले रस्ता दाखवला वं, तीन वर्ष. लाइन नाही दाखवली. तुझी चूक नाही. लाइन पाहाणं माहं काम होतं."

"उद्या साहेबाले काही सांगू नका," ताई म्हणाली. "फाइल उतरू द्या. दोन-चार महिने. तुमचे हात जोडते मी."

"आणि तवापर्यंत? मे महिना यायचा आहे अजून. आज म्हातारीचा हात भाजला."

"बारा वर्ष झाले!" ताईचा आवाज फुटला. "ऐन टायमावर काहून पाणी सोडता?" इतक्या मोठ्यानं ती त्यांच्याशी बोललेली मी कधी ऐकली नव्हती. मी मध्ये बोलायला गेलो नाही. एवढी अक्कल दिवसभरात आली होती.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं, पण थांबलो. रेंजर साहेब जीपनं आले. पुण्याकडचे, तरुण, बुटांना पॉलिश. भाऊजी गणवेश घालून, कपाळावर पट्टी बांधून उभे होते. साहेबांनी आधी रजिस्टर मागितलं. भाऊजींनी ते दिलं आणि म्हणाले, "साहेब, यातली तीन वर्षाची लिखावट माह्या बायकोची आहे. मले दिसत नाही."

साहेबांनी रजिस्टर उघडलं, पानं उलटली, बंद केलं. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. मग लाइनीकडे वळले. "श्रावण, हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. आता सांगितलंत, तर मला लिहावं लागेल. बीट तुमच्याकडे राहणार नाही."

"मालूम आहे साहेब."

"ऑपरेशन करून घ्या. मग खाप्याच्या रोपवाटिकेत जागा बघतो. वचन देत नाही, बघतो." जीपमध्ये बसताना त्यांनी ताईला नमस्कार केला. तिनं तो घेतला नाही, आत निघून गेली.

मी परतलो तो सावनेरवरूनच. परतीच्या रस्त्याचं वर्णन करण्यासारखं काही आठवत नाही. जाणाऱ्यांना एवढंच सांगतो: मार्चमध्ये जा, सकाळी लवकर सुरुवात करा, जंगल खात्याची परवानगी काढा, आणि लाइनीवर आडवं काही पडलेलं दिसलं तर उतरून बाजूला करा. मजा वाटली तरी.

पंधरा दिवसांनी ताई-भाऊजी नागपूरला आमच्या घरी आले. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पुरता पिकलाय, उशीर केलात. आधी उजवा डोळा झाला. तेव्हा ऑपरेशननंतर कित्येक दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, मान न हलवता पडून राहावं लागायचं. ताई उशाशी बसून असायची. बोलायची फारसं नाही. त्या दिवसापासून तिच्या मनातली अढी गेलेली नव्हती आणि भाऊजींनाही ती ठाऊक होती. बीटवर नवा गार्ड आल्याचं मंगलूनं कोणाकरवी कळवलं. फाइल उतरली, पण त्यांच्या नावानं नाही. रोपवाटिकेत रोजंदारीवर जागा मिळाली. पुढे आठ-नऊ वर्षं त्यांनी तिथे साग आणि बांबूची रोपं वाढवली, आणि रोजंदारीवरच निवृत्त झाले. ते बरोबर वागले का, असं मला लोक विचारतात. मी सखूबाईचा तळहात बघितलाय, म्हणून मला विचारू नये. पण ताईचा हिशेबही मला खोटा म्हणवत नाही. बारा वर्षं दोघांनी मिळून ओढलेली ती गाडी होती, आणि सोडायचं ठरवलं एकट्यानं.

दीड महिन्यानं चष्मा मिळाला. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा. आमच्या इंदोऱ्याच्या घरी, सकाळी, दारातल्या उजेडात मी तो भाऊजींच्या कानांवर बसवला. त्यांनी आधी भिंत बघितली. कॅलेंडर बघितलं. मला बघून म्हणाले, "जाडा झाला बे तू." मग ताई चहा घेऊन आली आणि ते बघतच राहिले, इतका वेळ की ती अवघडली.

"काहून वं," ते हळूच म्हणाले, "तुझे केस कधी पांढरे झाले?"

ताईनं पदर डोक्यावर ओढला. चहाचा कप त्यांच्या हातात नीट धरवून दिला, सवयीनं, दोन्ही हातांनी.

"हे आताच," ती म्हणाली. "दोन-चार महिन्यात."

मी तिथेच उभा होतो. दिवाळीला मी तिचे हेच पांढरे केस पाहिले होते, आदल्या दिवाळीलाही, आणि त्याच्याही आदल्या. मी मान खाली घातली आणि माझा चहा प्यायला लागलो.